मूळ ताई ची नक्की कोणाचं? यांग, चेन, दोन वू आणि सुन यांच्या सरमिसळीबद्दल

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. विचारणारे दीड वर्ष ताई ची या चिनी युद्धकलेची यांग स्टाइल शिकतायत. मधे एका चेन स्टाइलवाल्याने त्यांना ऐकवलं की यांग म्हणजे पाणी घातलेलं दूध, अस्सल माल आमच्याकडे. यांनी ते आपल्या सरांना सांगितलं तर सर भडकले, म्हणाले चेन म्हणजे नुसतं पाय आपटणं आणि उड्या मारणं, त्याला ताई ची म्हणतच नाहीत, आपलं मूळ वुडांग डोंगरावरच्या झांग सानफंग नावाच्या ताओ साधूपर्यंत जातं. आणि आता यांना व्हिडिओत पाहिलेली सुन स्टाइल आवडायला लागलीये. तर खरं कोण, आणि दोन स्टाइल एकत्र केल्या तर बिघडतं का?

माझं सांगायचं तर २२ वर्षं झाली. पहिली ९ यांग, मग चेन, मधे दोनेक वर्षं वू-हाओ, म्हणजे दोन वू स्टाइलींपैकी एक. म्हणजे सगळ्या घरची बोलणी खाल्लेला माणूस. यांगवाले म्हणतात तुझा हात उगाच वळवळतो, चेनवाले म्हणतात तुझी कंबर अजून माहेरीच राहते.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. ताई चीच्या बाबतीत मात्र जरूर शोधावं, फार मजा येते, कारण जितकं मागे जाल तितका प्रत्येक घराण्याच्या ओसरीवर दुसऱ्या घराण्यातला माणूस बसलेला सापडतो.

कागदावर पक्कं दिसतं तिथून सुरू करू. हेनान प्रांतात, वेन तालुक्यात, पिवळ्या नदीच्या उत्तरेला चेनजियागौ नावाचं गाव आहे. गौ म्हणजे घळ, चेन लोकांची घळ. चेन बू नावाचा पूर्वज १४व्या शतकात, मिंग राजवटीच्या सुरुवातीला शान्शी प्रांतातून इकडे येऊन राहिला. त्याच्या नवव्या पिढीतला चेन वांगतिंग, हा १७व्या शतकातला, मिंग राजवट कोसळताना बघितलेला लढवय्या माणूस, त्याच्या नावावर घराण्याची मूठ-तलवार-भाला ही विद्या वंशावळीत लिहिलेली आहे. पुढे १४व्या पिढीत चेन चांगशिंग (१७७१ ते १८५३). याच्यापाशी बाहेरगावचा एक मुलगा शिकला, यांग लूचान. इथून पुढची सगळी मोठी घराणी फुटतात.

यांग लूचान (१७९९ ते १८७२) हबेई प्रांतातल्या योंगनियानचा, गरीब घरचा, फारसा शिकलेला नाही. योंगनियानमध्ये चेन गावातल्या लोकांचं औषधाचं दुकान होतं, त्या ओळखीने तो चेन गावात पोचला. भिंतीच्या फटीतून चोरून बघून शिकला ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. तो आपला एकलव्यच, फक्त अंगठा वाचला. गोष्ट खरी असो नसो, बाहेरच्याला शिकवायचं नाही हा त्या गावातला रिवाज तिच्यातून कळतो. आणि तो एकदा मोडला नसता तर आज पुण्यातल्या बागेत सकाळी कोणी ताई ची करताना दिसलं नसतं.

आता खरी गंमत योंगनियानची आहे आणि लोक नेमकी तीच गाळतात. सगळे सांगतात चेनकडून यांग, यांगकडून वू, अशी सरळ शिडी. पण योंगनियान हे छोटं गाव, तिथे यांग गरीब आणि वू श्रीमंत, शिकलेले, मोठे भाऊ सरकारी अधिकारी. या घरातला वू यूश्यांग (१८१२ ते १८८०) आधी यांग लूचानकडे शिकला. मग १८५२ च्या सुमाराला त्याला वाटलं की मूळ ठिकाणीच जाऊन बघावं, म्हणून हेनानला गेला. चेन चांगशिंग तोवर थकलेला. म्हणून हा शेजारच्या झाओबाओ नावाच्या बाजारगावात राहिला आणि तिथे चेन चिंगपिंगकडे महिनाभर, थोडं जास्तच, शिकला. हा चिंगपिंग चेन घराण्यातलाच, पण झाओबाओत स्थायिक झालेला आणि गावच्या जुन्या फ्रेमपेक्षा (फ्रेम म्हणजे हालचालींचा आकार, घडण) लहान, आखूड हालचालींचं शिकवणारा. म्हणजे बघा, वू यूश्यांगचं जे तयार झालं त्यात यांग एका बाजूने आणि झाओबाओ दुसऱ्या बाजूने, आणि दोन्हींच्या मुळाशी तीच घळ, पण वेगवेगळ्या पिढीतून वेगवेगळ्या रस्त्याने आलेली. याला शिडी म्हणायचं का गुंता, तुम्हीच ठरवा.

बरं, इथेही थांबलं नाही. यांग लूचानचा मुलगा यांग बानहौ (१८३७ ते १८९२) अक्षरओळखीसाठी वू यूश्यांगकडे जायचा. अभ्यासात लक्ष कमी, हातापायात जास्त, तेव्हा वू यूश्यांगनेच त्याला पुढचं बरंच शिकवलं असं दोन्ही घरात सांगतात. म्हणजे बापाने ज्याला शिकवलं त्याने मुलाला शिकवलं! म्हणून बानहौची फ्रेम लहान आणि कडक म्हणतात. आता या बानहौचं जे पुढे गेलं ते यांग म्हणायचं का वू? आणि वू यूश्यांगचा मोठा भाऊ हेनानमधल्या वुयांगला अधिकारी होता, त्याला तिथल्या मिठाच्या दुकानात वांग झोंगयुए या नावाने लिहिलेला ताई चीवरचा जुना लेख मिळाला, तोही योंगनियानला आला आणि आज सगळ्या घराण्यांचं शास्त्र म्हणून जे वाचलं जातं ते मुख्यतः तेच, वर वू यूश्यांग आणि त्याचा भाचा ली यीयू यांचं लिखाण. मिठाच्या दुकानातल्या लेखाबद्दल अभ्यासकांना शंका आहे, काही जणांना वाटतं वू मंडळींनीच लिहिला असणार. मलाही थोडं तसंच वाटतं, भाषा फारच घरची आहे. पण मुद्दा असा की यांगवाले ज्या ओळी पाठ म्हणतात त्या वू घरातून आल्यात, आणि वू घराकडे ते हात यांगकडून आलेले.

तुमच्या सरांसाठी एक गोष्ट. हाच ली यीयू (१८३२ ते १८९२), त्याच्या छोट्या प्रस्तावनेची आधीची प्रत मिळते, १८६७ ची, तिच्यात ताई ची झांग सानफंगने सुरू केलं असं आहे. मग १८८१ च्या आसपास त्याने तीच प्रस्तावना परत लिहिली आणि सुरुवातच बदलली, की ही विद्या कोणी सुरू केली ते माहीत नाही. मला हा माणूस फार आवडतो. आपल्या गुरूंच्या घरात चाललेली गोष्ट स्वतःच्या हाताने खोडायला हिंमत लागते.

आता कागद सोडा, अंगावरच्या खुणा बघू. माझ्या सकाळच्या बॅचमध्ये मी एक खेळ करतो. सगळ्यांना एकच पोझ करायला लावतो, सिंगल व्हिप, चिनीत दानबियन, म्हणजे एकेरी चाबूक. तुमच्या फॉर्ममध्येही (फॉर्म म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम) एकाहून जास्त वेळा येतोच. यांगमध्ये उजव्या हाताची पाच बोटं चिमटीत धरल्यासारखी एकत्र, मनगट वाकवलेलं, यालाच हूक म्हणतात, आणि डावा पाय पुढे बो स्टान्समध्ये, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेला, डावा तळवा पुढे, छाती साधारण त्याच दिशेला. चेनमध्ये हूक तसाच, पण अंग पुढे नेत नाहीत, दोन्ही हात आडवे उघडतात, पाय रुंद, कुल्ले खाली बसलेले, आणि डावा हात पोटासमोरून गोल फिरत बाहेर जाताना मनगटापासून खांद्यापर्यंत पिळा सुटतो. च्युआनयौवाल्या वूमध्ये (दुसरी वू स्टाइल, पुढे सांगतो) हूक आहे पण पाय घोड्यावर बसल्यासारखे समोर, वजन दोन्हीकडे. आणि वू-हाओमध्ये? हूकच नाही. दोन्ही तळवे उभे, उघडे. आता सुन करून बघा. सुनमध्येही हूक नाही, दोन्ही तळवे उघडे! एवढ्या एका हातावरून कळतं की सुन स्टाइल काढणारा सुन लूतांग यांगकडे शिकला नाही, तो वू-हाओवाल्याकडून शिकला. वंशावळ मनगटात लिहिलेली असते हो, फक्त बघायची सवय पाहिजे.

दुसरी खूण नावाची. यांगमध्ये सुरुवातीला जे येतं ते लान छुए वेई, चिमणीची शेपूट पकडणे. अतिशय गोड नाव, नवीन लोकांना सांगितलं की खूश होतात. पण चेन, वू-हाओ, सुन यांच्यात त्याच जागी लान झा यी असतं, म्हणजे अंगरखा आळसावून खोचणे. आपण कामाला लागताना धोतराचा सोगा किंवा पदर खोचतो ना, तसं लांब अंगरख्याचं टोक कमरेला खोचून उभं राहायचं. दोन्ही नावं भरभर म्हणून बघा, लान झा यी, लान छुए वेई. तोंडी शिकवताना एका कानातून दुसऱ्या कानात जाताना अंगरख्याची चिमणी झाली असणार, असं बरेच जण मानतात आणि मलाही तेच पटतं. लूचान लिहिणारा-वाचणारा नव्हता हे लक्षात घ्या. ज्यांच्या घरात कागद होते, म्हणजे वू-हाओ, त्यांच्याकडे अंगरखा टिकला.

मघाशी च्युआनयौवाला वू म्हटलं तो गोंधळ इथेच मिटवतो, कारण यावरून नवीन माणूस हमखास घसरतो. वू स्टाइल दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी आडनावाचा काहीही संबंध नाही. एक वू यूश्यांगचा, म्हणजेच वू-हाओ, चिनीत अक्षर वेगळं, स्वर खाली जाऊन वर येणारा. दुसरा वू जियानच्युआन (१८७० ते १९४२), अक्षर वेगळं, स्वर चढता. हे दुसरे मुळात मांचू. वडील च्युआनयौ (१८३४ ते १९०२) बेइजिंगमध्ये शिपाई होते, यांग लूचान तिथे मांचू फौजेला शिकवायला गेला तेव्हा त्याच्याकडे शिकले. पण लूचान राजघराण्यातल्या लोकांना शिकवायचा, मग शिपायाने सरदारांचा गुरुबंधू कसं व्हायचं, म्हणून नावाला च्युआनयौना मुलाचा, बानहौचा शिष्य केलं म्हणतात. मुलाने पुढे वू हे चिनी आडनाव घेतलं. म्हणजे हा वू यांगच्या पोटातला, आणि त्यात बानहौमार्फत पहिल्या वूचाही अंश. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच, त्यामुळे आपण दोघांना एकच समजतो. मराठीत तर काय, वू म्हणजे वू.

सुन लूतांगची गोष्ट मात्र नीट सांगावी लागेल कारण तुम्हाला ती शिकायचीये. सुन (१८६० ते १९३३) हा ताई चीचा माणूसच नव्हे. शिंगयी आणि बाग्वा या दुसऱ्या दोन चिनी युद्धकलांमध्ये त्याचं नाव झालेलं, बाग्वा तो बेइजिंगला चेंग तिंगह्वाकडे शिकला, आणि ताई ची सुरू केली तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. १९१० च्या दशकाच्या सुरुवातीला हाओ वेइझन (१८४९ ते १९२०), म्हणजे ली यीयूचा शिष्य, योंगनियानहून बेइजिंगला आला आणि तिथे आजारी पडला. ओळख ना पाळख, सुन लूतांगने त्याला सांभाळलं, डॉक्टर आणला, औषधपाणी केलं. बरा झाल्यावर हाओ म्हणाला उपकार कसे फेडू, माझ्याकडे हेच आहे. आणि शिकवलं. दोन म्हातारे, एक अंथरुणातून उठलेला आणि एक स्वतः नावाजलेला उस्ताद, आणि तो उस्ताद परत अ आ पासून सुरू करतोय. मला तरी वुडांगच्या धुक्यातल्या साधूपेक्षा हे चित्र जास्त भावतं.

त्यातून जी सुन स्टाइल झाली तिची उघडमीट, म्हणजे दोन्ही तळवे छातीपुढे श्वासाबरोबर जरासे दूर आणि जवळ, आणि एक पाय पुढे पडला की मागचा पाठोपाठ सरकतो, याचं श्रेय लोक सरळ शिंगयीला आणि बाग्वाला देऊन टाकतात. घाई करू नका. मागून सरकणारा पाय वू-हाओमध्येही आहे, उघडमीटही आहे. तेव्हा शिंगयीने किती दिलं आणि हाओने किती, हे हात कापून दाखवता येणार नाही. वजन बदलण्याची चपळाई मला शिंगयीची वाटते, एवढंच मी म्हणेन.

आपल्याकडे हे कळायला सोपं जायला हवं खरं तर. भास्करबुवा बखले ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर तिन्हीकडे शिकले म्हणून कोणी त्यांना भेसळ म्हणालं नाही.

मग घराण्यांची नावं एवढी घट्ट कधी झाली? माझ्या मते बेइजिंगमध्ये. १९१२ च्या सुमाराला शू यूशेंग यांनी तिथे शारीरिक शिक्षणाची एक संस्था काढली आणि त्यात यांग शाओहौ, यांग चंगफू (दोघे लूचानचे नातू), वू जियानच्युआन, सुन लूतांग हे सगळे एकाच छताखाली शिकवायला लागले. आतापर्यंत अंगणात दोनचार शिष्य, आता फी भरून येणारे शहरी लोक. दुकान शेजारी शेजारी लागलं की पाटी लागतेच, यांगची, वूची, सुनची. आणि शेजारी शेजारी असल्यामुळे एकमेकांचं बघून बदलही होतच होते. यांग चंगफू (१८८३ ते १९३६) बद्दल आपल्याला वाटतं की मोठी, सावकाश, एकसारखी फ्रेम ही यांग घराण्याची प्राचीन खूण. अहो, ती त्याने आयुष्यभर घासत घासत आणली, उड्या आणि झटके काढत काढत. त्याचा मोठा भाऊ शाओहौ लहान, वेगवान, तिखट फ्रेम करायचा. एकाच घरातले दोघे. तुम्ही शिकताय ती चंगफूची, आणि ती तुमच्या पणजोबांच्या वयाची आहे, त्याहून जुनी नाही.

यात १९२८ साली चेन फाके (१८८७ ते १९५७) गावातून बेइजिंगला आला. लोक बघायला आले आणि चक्रावले. पाय आपटतोय, झटका मारतोय, मधेच अंग सैल, मधेच विजेसारखं. हे ताई ची? तोवर शहराला ताई ची म्हणजे चंगफूसारखं ढगात चालणं. तुमच्या सरांचं वाक्य बरोबर तेव्हाचं आहे, जवळजवळ १०० वर्षं जुनं, आणि गंमत म्हणजे मुळाकडून आलेल्या माणसालाच ते ऐकावं लागलं. तुम्हाला भेटलेल्या चेनवाल्यांसाठीही उत्तर याच माणसात आहे. फाकेचा हात बेइजिंगमध्ये ३० वर्षं पिकला. त्याचा मुलगा चेन झाओक्वे १९७० च्या दशकात तो हात घेऊन गावी शिकवायला गेला, तेव्हा गावकऱ्यांना तो वेगळा दिसला, म्हणून त्याला शिनजिया, म्हणजे नवी फ्रेम म्हणायला लागले, आणि गावात होती तिला लाओजिया, जुनी. म्हणजे चेनमध्येसुद्धा शहरातून गावात उलटं पाणी गेलंय. मूळ माल आमच्याकडे म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या खोलीतला? जुन्या का नव्या? का शिआओजियातला, ती छोटी फ्रेम तर तिसरीच.

चेन गावाच्याही मागे काय, हा पुढचा प्रश्न. १९३० च्या दशकात तांग हाओ नावाचा माणूस, पेशाने वकील, गावात जाऊन वंशावळ, तालुक्याच्या नोंदी चाळून आला आणि त्याने चेन वांगतिंगला निर्माता ठरवलं. वकिलासारखाच युक्तिवाद, पुरावा दाखवा नाहीतर गप्प बसा. झांग सानफंगच्या पुराव्याचं तर काहीच उरलं नाही. १६६९ मध्ये ह्वांग झोंगशी नावाच्या विद्वानाने एका पहिलवानाचा मृत्युलेख लिहिला, त्यात झांग सानफंग आणि आतली विद्या-बाहेरची विद्या ही वाटणी येते, पण ताई ची हा शब्दही त्यात नाही. पुढे कोणीतरी ते जोडलं आणि साधू चिकटला तो चिकटला. सरांना हे सांगाच असं नाही.

पण तांग हाओने दुसरंही दाखवलं, आणि ते चेनवाल्यांना फारसं आवडत नाही. मिंग सेनापती ची जिग्वांग (१५२८ ते १५८८), समुद्रकिनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढलेला. त्याने सैनिकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मूठयुद्धावर एक प्रकरण आहे, ३२ पोझ चित्रांसकट. स्वतःच म्हणतो की मोठ्या लढाईत याचा उपयोग नाही, हातपाय मोकळे व्हायला चांगलं. आणि या ३२ त्याने कुठून घेतल्या? त्या काळातल्या १६ नावाजलेल्या पद्धतींमधून चांगलं चांगलं निवडून. त्यातली पहिलीच पोझ कोणती माहितीये? लान झा यी. तोच अंगरखा. एकेरी चाबूकही आहे, एका पायावरचा सोनेरी कोंबडाही आहे. तांग हाओ मंडळींच्या मोजणीत ३२ पैकी २९ चेन घराण्याच्या जुन्या क्रमांमध्ये सापडतात. म्हणजे ज्याला सगळे झरा म्हणतात तिथेच १६ ओढे आधीच मिसळलेले, आणि तेही एका सेनापतीच्या वहीत. चेन वांगतिंगची करामत नक्कीच आहे, पिळ्याची हालचाल, श्वास, दोघांनी हात लावून करायचा सराव हे त्या वहीत नाही. पण पोझ मात्र बाजारातल्या होत्या.

शेजारच्या झाओबाओवाल्यांचं म्हणणं आणखी निराळं. त्यांच्याकडे जियांग फा हा मूळ गुरू, शान्शीतून शिकून आलेला. चेन गावाच्या चित्रात तोच जियांग फा वांगतिंगच्या मागे शस्त्र धरून उभा, म्हणजे नोकर किंवा शिष्य. दोनेक मैलावरची दोन गावं, एकाच माणसाला एक गुरू म्हणतं आणि एक गडी. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

१९५६ ला सरकारने यांगवरून २४ हालचालींचा छोटा फॉर्म बनवला, जो तुम्हीही बहुतेक पहिल्यांदा शिकला असाल, आणि १९८९ च्या ४२ मध्ये तर स्पर्धेसाठी चेन, यांग, वू, सुन सगळं एकाच ताटात वाढलं. तो फॉर्म मला कधीच जमला नाही, प्रत्येक दोन मिनिटांनी दुसऱ्याच्या घरात गेल्यासारखं होतं.

आता तुमचा खरा प्रश्न, एकत्र केलं तर बिघडतं का. वर जेवढी माणसं आली ती परत बघा. वू यूश्यांग आधी यांगमध्ये मुरला मग झाओबाओला गेला. दोंग यिंगजिये, यांग चंगफूचा मोठा शिष्य, तो आधी हाओ पद्धत शिकून आलेला. सुनची तर शिंगयीत हाडं मुरलेली. मिसळणारा प्रत्येक जण एका ठिकाणी आधी पक्का होता. दीड वर्षात माणूस पक्का होत नाही, राग मानू नका, मीही नव्हतो.

माझं काय झालं ते सांगतो. नऊ वर्षं यांग झाल्यावर चेन सुरू केलं, घाई फार. चेनमध्ये वळताना मांडीचा खुबा उघडतो आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो. माझा खुबा उघडायला शिकलेलाच नव्हता, यांगमध्ये मी तो कधी एवढा मागितला नव्हता. मग पिळा कुठून निघणार, तर गुडघ्यातून. चार महिन्यांत उजवा गुडघा जिना उतरताना बोलायला लागला. शिकवणाऱ्याने दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, त्यामुळे दोष माझाच. सहा महिने फक्त उभं राहणं आणि खुबा मोकळा करणं. त्या सहा महिन्यांत जे कळलं ते आधीच्या नऊ वर्षांत कळलं नव्हतं, आणि मजा म्हणजे परत यांग करून पाहिलं तर यांगचा सिंगल व्हिपही सुधारलेला.

म्हणून तुम्हाला असं सुचवेन. यांगचा जो फॉर्म चालू आहे तो आणखी किमान दीडेक वर्ष हलवू नका, त्यात बाहेरचा एकही हात घालू नका, आवडला तरी. त्याच्याबरोबर पुश हँड्स, म्हणजे दोघांनी हात लावून करायचा सराव, सुरू करा, कारण घराणं कुठलंही असो, पंग, ल्यू, जी, आन हे चार हात, म्हणजे चार मूळ हालचाली, सगळ्यांना सारखेच आहेत आणि समोरच्या माणसाच्या हातावर हात ठेवला की स्टाइल कुठली हे दहा सेकंदात विसरायला होतं. दुसऱ्या स्टाइल बघा, वाचा, पण अंगात घालू नका. सुन शिकायची ओढ असेल तर त्यानंतर जरूर, ती उंच उभी राहते, गुडघ्याला सोसते, म्हणूनच ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये संधिवाताच्या लोकांसाठी बनवलेला प्रसिद्ध कार्यक्रम सुनवर आधारलाय. पण वेगळ्या दिवशी करा. सकाळी यांग आणि त्याला जोडूनच सुन असं केलं की दोन आठवड्यात मागचा पाय यांगमध्येही सरकायला लागतो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आणि सुन शिकवणारा शोधाल तेव्हा आधी त्याला नुसता सुनचा सिंगल व्हिप करून दाखवायला सांगा. उजव्या हाताची बोटं चिमटीत गेली, तर तो दुसऱ्याच स्टाइलचा, बहुतेक यांगवाला आहे आणि सुन व्हिडिओवरून उचललीये. चहा पिऊन निघा.